कप्तान काट्याची वकिली

हरेश्वर तांडेलाला मढच्या कोळीवाड्यात कुणी तोंडावर उलट बोलत नसे. मागून बोलत, ती गोष्ट वेगळी. मागून तर लोक देवाबद्दलही बोलतात. भिंतीसारखे खांदे, कानापर्यंत गेलेल्या मिशा आणि वादळात एका होडीवरून दुसऱ्या होडीला ऐकू जाईल असा आवाज. होडीवर त्याचा शब्द शेवटचा, म्हणून तर तो तांडेल. अशा माणसाला आषाढात, पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या असताना, मुलुंडहून पोरीचा फोन आला. कल्पिता हसू दाबत होती, हे त्याला पहिल्या शब्दाला कळलं.

"बाबा, स्वरदा यंदा नारळी पुनवेला येणार नाही म्हणते."

"का? ताप आयलाय?"

"ताप नाही. म्हणते, आजोबा व्हिलन आहेत."

"कोण बोलला?"

"कुणी नाही हो. शाळेत त्यांना सिनेमा दाखवला, कार्टूनचा. त्यात एक मासा आहे आणि एक मासे पकडणारा आहे. तुम्ही चिडू नका, पण बाबा, तो खरंच तुमच्यासारखा दिसतो."

स्वरदा सात वर्षांची. जन्मल्यापासून तिनं एकही नारळी पौर्णिमा चुकवली नव्हती. पहिल्या साली तर दुपट्यात होती. समुद्राला नारळ द्यायचा, मग मासेमारीला सुरुवात. होडीच्या पुढच्या टोकावर हरेश्वर बसायचा आणि त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये ती. त्याला मुलगा नव्हता. पोरगी मुलुंडच्या शिकल्यासवरलेल्या घरात दिलेली. होडीवर आपलं म्हणावं असं माणूस वर्षातून एकदा चढायचं, ते त्या दिवशी. ती आली नाही तर नारळ नुसता टाकायचा आणि परत यायचं, पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकावं तसं.

तेवढ्यात फोन विहीणबाईंनी घेतला. "हरेश्वरभाऊ, मुलांचं मन कोवळं असतं हो. आपण मोठ्यांनी जबरदस्ती करू नये."

कोवळ्या मनाची एवढी काळजी असलेल्या या जयंतीताई दर पंधरवड्याला कोळीवाड्यातून पापलेट मागवत. साफ करून, डोकं काढून, कारण डोळे बघवत नाहीत. मासा चालतो, माशाचे डोळे चालत नाहीत, आणि मासेवाल्याचा वास तर मुळीच चालत नाही. अशी घरं मुलुंडला पुष्कळ आहेत, अंधेरी-बोरिवलीलाही कमी नाहीत, आणि ती सगळी स्वतःला फार हळवी समजतात.

"सिनेमाचं नाव काय?" हरेश्वरनं विचारलं. त्याच्या आवाजावरून एखाद्याला वाटलं असतं, तो पत्ता विचारतोय.

सिनेमाचं नाव होतं 'बुडबुड'. बाहेरचाच कुठला तरी, हिंदीत बोलणारा. मोबाइलवर बघायला कोळीवाड्याच्या त्या टोकाला नेट धड चालत नव्हतं, पण पोरीच्या लग्नातला डीव्हीडी प्लेयर घरात होता आणि कांदिवलीला नंदकुमारचं दुकान होतं. एकेकाळी नंदकुमार सिनेमाच्या डिस्क भाड्यानं द्यायचा. आता तो मोबाइलची कव्हरं विकतो आणि डिस्कची खोकी माळ्यावर धूळ खातात.

"कार्टून?" नंदकुमारनं हरेश्वरच्या मिशांकडे बघितलं. "नातीला?"

"मना बघायचाय."

"तांडेल, तुम्हाला मारामारीचा देऊ का? झकास आहे एक."

"मारामारी मी रोज बघतो जेटीवर. कार्टून दे."

नंदकुमार पैसे घेईना. त्याची बायको जवळ्याच्या चटणीवर जीव टाकायची. ठरलं, डिस्कच्या बदल्यात सुका जवळा. वर त्यानं सुटी डिस्क द्यायला नकार दिला. माळा रिकामा करायचा होता, म्हणून 'बुडबुड'बरोबर रबर लावलेला अख्खा गठ्ठा हरेश्वरच्या पिशवीत कोंबला. अस्वलं, गोगलगायी, एक दीपगृह, काय काय.

घरी कृष्णाबाई लसूण सोलत बसली होती. तिनं नवऱ्याला अहोजाहो करण्याच्या भानगडीत कधी पडून बघितलं नव्हतं. पडद्यावर पिवळा रेनकोट घातलेला कप्तान काटा आला, पोट पुढे, मिशा कानापर्यंत, आणि जाळं ओढताना ढेकर दिल्यासारखा हसला. कृष्णाबाईच्या हातातला लसूण खाली पडला.

"गो बाय! हा तर तूच!"

"गप."

"मिशा बघ. आन् जेवल्यावर ढेकर पण असाच."

"माझं पोट एवढं नाय."

"त्याला पण वाटत असेल तसंच," कृष्णाबाई म्हणाली. "स्वतःचं पोट वरून कुठं दिसतं?"

बुडबुड म्हणजे एक चंदेरी पिल्लू, त्याच्या मागेपुढे मावश्यांचा थवा. कप्तान काटा त्या मावश्यांना एकेक करून पकडतो. शेवटी एक देवमासा शेपटी मारतो, होडी उलटते, मावश्या सुटतात, काटा बुडतो आणि पाण्यावर त्याच्या रेनकोटाचं एक पिवळं बटण तरंगत येतं. संपला सिनेमा. हरेश्वर पडद्यासमोरून उठेचना. मढला वर्षभर मालिकांची शूटिंगं चालतात. त्याची स्वतःची होडी चारदा टीव्हीवर आलेली, आणि डोळ्यांत ग्लिसरीन घालून रडणाऱ्या नट्या बघून सिनेमावरचा त्याचा विश्वास केव्हाच उडालेला. पण हे वेगळं होतं. इथं खोटं रडायला खरा माणूसच नव्हता.

त्यानं नंदकुमारला फोन लावला. "मेला का तो?"

"कोण?"

"काटा."

"तांडेल, दुसरा भाग आहे ना, त्याच गठ्ठ्यात. बटण दाखवलं की समजायचं, माणूस परत येणार."

तिथून घसरण सुरू झाली. दुसऱ्या भागात काटा परत आला, वाळलेला, एका बेटावर शिंपले खाऊन राहिलेला, आणि बुडबुडच्या मागे पुन्हा लागला. हरेश्वरला राग आला. अरे, वाचलास ना? मग गप घरी जा ना! राग शांत करायला त्यानं गठ्ठ्यातलं अस्वलाचं कुटुंब लावलं. त्या अस्वलांची बेकरी होती, आणि एक कोल्हा रोज पाव चोरायचा. पहिल्या भागात कोल्हा चोर. दुसऱ्यात त्याला पकडून पीठ मळायला लावलं. तिसऱ्यात कोल्हा भागीदार झाला, आणि अस्वलाच्या म्हातारीनं मरताना बेकरीची किल्ली त्याच्या हातात दिली. डोळ्यांत खारं पाणी हरेश्वरला नवीन नव्हतं, पण आजवर ते बाहेरून येत असे.

"रडतंस?" कृष्णाबाईनं विचारलं.

"कांदा."

"लसूण सोलते मी."

पण त्या कोल्ह्यापायी हरेश्वरला एक नियम सापडला. माणूस पन्नाशी ओलांडून एखाद्या नादाला लागला की नाद नुसता करत नाही, त्याचं शास्त्र बनवतो. नियम असा: पहिल्या भागात वाईट, दुसऱ्यात जरा कमी वाईट, तिसऱ्यात सुधारतो. गोगलगायींच्या शर्यतीत तसंच झालं. दीपगृहातल्या खडूस घुबडाचंही तसंच झालं. म्हणजे 'बुडबुड'चा तिसरा भाग असणार आणि त्यात काटा सुधारणार. दुसऱ्या डिस्कच्या डब्यावर मागच्या बाजूला तिसऱ्याची जाहिरात होती, अंगठ्याएवढं चित्र. काट्याच्या खांद्यावर एक लहान मुलगी.

"बघ गो," त्यानं कृष्णाबाईला दाखवलं. "पोर खांद्यावर हाय. पोर खांद्यावर घेणारा माणूस वाईट नसतो. हा भाग मिळाला की स्वरदाला दाखवायचा. मग येते की नाय बघ."

"आन् नाय मिळाला तर?"

"मिळंल."

नंदकुमारकडे तिसरा नव्हता. मालाडच्या बाजारात नव्हता. पण हरेश्वर जिथं जाई तिथून रिकाम्या हातानं परत येत नसे, हा धंद्याचा स्वभाव. गेलास ना समुद्रात, मग बोंबील तर बोंबील, पण काहीतरी आण. अशा तऱ्हेनं घरात डिस्क साठत गेल्या. उंदरांच्या सर्कशीचे पाच भाग, एका रुसक्या ढगाचे दोन. जुन्या डिस्कवर बुरशीचे पांढरे ठिपके असायचे. त्यावर काय करतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं जे येत होतं तेच केलं. गोड्या पाण्यात खळबळून काढल्या आणि जाळ्यांच्या शेडमध्ये दोरीला जोडीजोडीनं टांगल्या, बोंबील टांगतात तशा. वाळलेली डिस्क लगेच लावून बघता यावी म्हणून टीव्ही आणि प्लेयरही शेडमध्येच आणून ठेवले. डिस्क चमकायच्या, गिरक्या घ्यायच्या. मांजरं येऊन खाली बसायची आणि वास न आल्यामुळे गोंधळून निघून जायची.

मांजरं येतात तिथं माणसं येणारच. बंदीत सगळे शेडमध्ये जाळी दुरुस्त करत बसतात, हाताला काम आणि तोंड रिकामं. तांडेल कार्टून बघतो ही बातमी जेटीपासून देवळापर्यंत पोचायला एक चहा पुरला. सगळ्यात आधी आला सीताराम, जमातीचा पाटील, हरेश्वरचा लहानपणापासूनचा मित्र आणि तेव्हापासूनचाच वैरी.

"काय रं हरेश्वर, दूध पिऊन बसलास का बाटलीनं?"

"बसायचं तर बस. नायतर वाट लाग."

सीताराम चेष्टा करायला बसला तो उठलाच नाही. त्याच्या मागून आलेलेही बसले. 'बुडबुड'चा पहिला भाग संपला तेव्हा शेडमध्ये अर्धा कोळीवाडा होता आणि एकाच्याही सुईत दोरा उरला नव्हता.

कोळीवाड्यात भांडण झालं की ते जमातीसमोर येतं. इथं काटा वाईट की नाही यावर भांडण झालं होतं, आरोपी समोर होता, फक्त सिनेमा मागे नेऊन तो पडद्यावर थिजवलेला होता. सीतारामनं रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाला काय सांगायचंय?"

"आभाळ बघा पाटील," मागून एक म्हातारा म्हणाला. "हे पावसाळ्याचं आभाळ हाय. बंदीत समुद्रात गेला कसा हा?"

"जाळ्याची भोकं बघा. चिंगळी पण सुटायची नाय यातून."

"होडीवर एकटाच हाय. खलाशी का टिकत नाय याच्याकडं? पगार बुडवत असेल."

"जेवायला बसला, तर समुद्राला पहिला घास नाय टाकला. मी बघितलं. सरळ तोंडात."

आरोप वाढत चालले. मासे पकडतो, हा गुन्हा मात्र एकाच्याही डोक्यात आला नाही. कुणाच्या येणार? सुताराला कुणी लाकूड कापतो म्हणून धरतं का?

हरेश्वर उठला. आरोपीची बाजू घ्यायला कुणीतरी लागतंच, आणि त्याला तर स्वतःचीच घ्यायची होती. "त्याच्या घरात कोण हाय? बायको नाय, म्हातारी नाय. घास टाकायला शिकवणार कोण? आन् बंदीत गेला म्हणता, का गेला ते विचारलंत? मोठ्या लाइटवाल्या बोटी आपल्या समुद्रात येत नायत? दिवे लावतात, पिल्लंसुद्धा उपसून नेतात. त्यांच्या मालकाला मिशा नसतात, तो एसीत बसतो. त्याच्यावर काढलाय कुणी कार्टून? शाळेत दाखवायला मिळाला कोण, तर हा मिशीवाला!"

सगळ्यांनाच आपापल्या मिशा आठवल्या.

"बरोबर बोलतंस," सीताराम म्हणाला, "तरी पण बंदी ती बंदी." त्यानं निकाल दिला: नारळ घेऊन येईपर्यंत कप्तान काट्याला मढच्या किनाऱ्याला लागू द्यायचं नाही. "आन् हरेश्वरला दंड, गुन्हेगाराची वकिली केली म्हणून. सगळ्यांना चहा."

तिसरा भाग सापडला साकीनाक्याला. नंदकुमारनं जुनी काही खोकी तिथल्या एका भंगारवाल्याला दिल्याचं त्याला उशिरा आठवलं. हरेश्वर लेथ मशीनांच्या खडखडाटातून, तेलकट गल्ल्यांतून विचारत विचारत गेला आणि प्लॅस्टिकच्या ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून बसला. पोरगी खांद्यावर घेतलेला काटा हातात आला तेव्हा तो एवढ्यानं ओरडला की शेजारच्या गाळ्यातलं मशीन बंद झालं.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. त्यानं डिस्क धुतली, पुसली, लावली. कृष्णाबाई हातातलं काम ठेवून शेजारी बसली.

खांद्यावरची मुलगी काट्याची नात होती. इथवर हरेश्वरची छाती फुगलेली. नात आजोबाच्या होडीवर आली, हसली, बागडली. मग तिनं जाळ्यात बुडबुडला बघितलं, आजोबाच्या कमरेचा सुरा काढला आणि जाळं टराटरा कापलं. काट्याकडे एकदाही न बघता ती छोट्या नावेत उतरली आणि वल्हवत निघाली.

हरेश्वरनं टीव्ही बंद केला.

"पुढं बघ की."

"नको."

कृष्णाबाईनं चेष्टेचा शब्द ओठांवर आणला आणि गिळला. प्लेयरमधली डिस्क काढून डब्यात ठेवत ती म्हणाली, "सिनेमा घेऊन बसलायस. पोरगी मुलुंडला हाय, पडद्यात नाय. जाऊन विचार ना तिला."

दुसऱ्या दिवशी तो लिंक रोडच्या बसनं मुलुंडला गेला. कृष्णाबाईनं त्याच्या हातांना लिंबू चोळून दिलं होतं, कोपरापर्यंत. जयंतीताईंनी दार उघडलं, तोंडभर हसल्या आणि पुढं होऊन सोफ्यावर जुनी चादर अंथरली. "धुवायला काढायचीच होती," त्या म्हणाल्या. जावई देवव्रत लॅपटॉपमागून "या बाबा" म्हणाला आणि परत लॅपटॉपमागे गेला.

स्वरदा समोरच्या खुर्चीत मांडी घालून बसली. घाबरलेली वगैरे अजिबात नाही. उलट न्यायाधीशासारखी.

"आजोबा, तुम्ही कप्तान काटा आहात का?"

बसमध्ये त्यानं सगळी वकिली पाठ केली होती. "मी बंदीत समुद्रात जात नाय. माझ्या जाळ्याची भोकं मोठी हायत. लहान मासा आला तर परत सोडतो."

"आणि मोठा?"

"मोठा घेतो."

"मग तो मरतो?"

हरेश्वरनं मिशी ओढली. पाठ केलेलं सगळं इथं संपत होतं. "मरतो," तो म्हणाला.

"अहो, मुलांसमोर काय हे," जयंतीताई म्हणाल्या. "जरा वेगळ्या शब्दांत..."

"विहीणबाई, पापलेट काय पोहत येत नाय ताटात."

स्वयंपाकघरात कल्पिताला ठसका लागला. लॅपटॉपमागून कसलाच आवाज आला नाही, पण लॅपटॉप हलत होता.

स्वरदा विचारात पडली. "पण मी पापलेट खाते. म्हणजे मी पण व्हिलन आहे?"

"नाही गं बाळा!" जयंतीताई म्हणाल्या.

"थोडी," हरेश्वर म्हणाला.

"किती थोडी?"

"खातेस तेवढी. मी जास्त. तुझी ही आजी मध्ये कुठंतरी."

हे स्वरदाला पटलं, निदान आवडलं. घरात आपण कशात तरी मोठ्यांच्या रांगेत आहोत, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. ती खुर्चीवरून उतरून चादरीच्या कडेला येऊन बसली. "तुम्ही सिनेमा पूर्ण बघितला?"

"तीन भाग हायत त्याचे. माझ्याकडं तिन्ही हायत."

"तीन?" तिचे डोळे मोठे झाले. "तिसऱ्यात काय होतं?"

डिस्क घरी ठेवली होती. काहीही सांगता आलं असतं. "काट्याची नात येते," तो म्हणाला. "ती जाळं कापते आन् त्याला सोडून जाते."

"मग?"

"मग मी टीव्ही बंद केला."

"शेवट बघितलाच नाही?" स्वरदाला हे मासे मारण्यापेक्षा भयंकर वाटलं. "का? घाबरलात?"

भिंतीएवढे खांदे आणि ती मिशी. होडीवरच्या कुणी विचारलं असतं, तर पाण्यात गेला असता तो. "हां," हरेश्वर म्हणाला. "घाबरलो."

तिनं त्याच्या लिंबाचा वास येणाऱ्या हाताला बोट लावून बघितलं आणि नाक मुरडलं. "तुम्हाला तुमचा वास नाही येत आज."

जयंतीताई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"आजोबा, आपण नारळ देतो ना समुद्राला, ते सॉरी म्हणून?"

चाळीस वर्षं तो नारळ देत होता, पण असं कुणी विचारलं नव्हतं. 'हो' म्हणणं सोपं होतं, आणि काम झालं असतं. "नाय," तो सावकाश म्हणाला. "सॉरी नाय. सॉरी बोलून परत तेच करायचं, त्याला काय अर्थ? आपण त्याला सांगतो, की दोन महिने थांबलो, आता येतंव. चोरून नाय. सांगून."

"समुद्राला सांगता. माशांना कोण सांगतं?"

"माशांना कोण सांगणार!"

"मग ते चोरूनच झालं," न्यायाधीश म्हणाल्या. थोडा विचार केला. "मी येईन. पण मी पुढे बसून माशांना सांगणार. ओरडून. पळा म्हणून."

पुनवेला होडी निघताना त्याच्या होडीवर कुणी शिंकलेलंही चालत नसे. वाईट शब्द तोंडातून गेला तर अख्खा हंगाम गेला, असं मानणारे खलाशी. आणि त्यांच्यापुढं, सगळ्या गावाच्या होड्यांत, तांडेलाची नात माशांना पळवून लावणार. सीताराम हे मरेपर्यंत विसरणार नव्हता.

"हळू ओरडशील?"

"हळू ओरडणं म्हणजे काय?"

"बरं," हरेश्वर म्हणाला. "ओरड."

पुनवेच्या आदल्या दिवशी कल्पिता तिला घेऊन मढला आली. दोरीला टांगलेल्या डिस्क बघून स्वरदा आधी हसून हसून लोळली, मग सगळ्या उतरवून भागांप्रमाणे लावत बसली. आजोबांनी त्या जेटीवर मासळी निवडतात तशा निवडल्या होत्या, पाण्यातले एकीकडे, जमिनीवरचे एकीकडे, उडणारे एकीकडे. उंदरांचा चौथा भाग पहिल्याच्या आधी. "असं कुणी लावतं का, आजोबा?" "इथं सगळे असंच लावतात," तो म्हणाला. दुपारी दोघांनी तिसऱ्या भागाचा शेवट बघितला. नात परत येत नाही. काटा फाटक्या जाळ्यात पाय अडकून बसतो आणि बुडबुडच्या मावश्या त्याच्या डोक्यावर चुळा टाकतात.

"सुधारलाच नाही," स्वरदा म्हणाली.

"चौथ्यात सुधारंल."

"चौथा आहे?"

"नंदकुमारला विचारतो."

नारळी पौर्णिमेला कोळीवाडा सजला, होड्यांना पताका लागल्या, बायकांनी सोन्यानं मढवलेले गळे बाहेर काढले. जयंतीताईसुद्धा आल्या. नाकावर रुमाल धरून जेटीवर उभ्या राहिल्या, "स्वरदाला एकटं वाटायला नको" म्हणून. कृष्णाबाईनं त्यांना खुर्ची दिली आणि त्या खुर्चीवर, न विसरता, धुवायला काढलेली चादर घातली.

हरेश्वरची होडी निघाली. पुढच्या टोकावर तो, गुडघ्यांच्या मध्ये स्वरदा. दोघांनी मिळून नारळ पाण्यात सोडला. सगळ्या होड्यांवरचे लोक हात जोडून गप्प झाले, आणि त्या गप्पात सात वर्षांची पोर दोन्ही हात तोंडाशी धरून, आजोबाच्याच आवाजाची कोवळी आवृत्ती असलेल्या आवाजात ओरडली:

"पळाऽऽ! मासे हो, पळाऽऽ! आजोबा आलेत!"

खलाशांनी कानांना हात लावले. बाजूच्या होडीत सीतारामचे जोडलेले हात तसेच राहिले आणि डोळे उघडले.

"पळाऽऽ! लहान असाल तर सावकाश पळा! मोठे असाल तर जोरात!"

"हरेश्वर!" सीताराम गरजला. "अरे, पोरगी मासे पळवते तुझी! आवर तिला!"

हरेश्वरनं पोरीला घट्ट धरलं. ती पाण्याकडे फार वाकत होती.

"ओरडू दे रं," त्यानं उलटा आवाज दिला, साऱ्या होड्यांना ऐकू जाईल असा. "दोन महिने बसून सुस्त झालेत. जरा पळू देत."